कोकणात कॅम्परव्हॅन: गाडी सड्यावर ठेवा, मग शोध लागतात

पहिल्या वेळी आम्ही कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली ती एका फोटोच्या मोहाने. गाडीचं मागचं दार उघडं, समोर समुद्र आणि हातात चहा. अकरा दिवसांत तो चहा एकदाही जमला नाही. जिथे समुद्र समोर होता तिथे गाडी पोचत नव्हती. जिथे गाडी पोचली तिथे समोर कुणाच्या तरी बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण होतं.

दुसऱ्या वेळी शहाणे होऊन निघालो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे अर्ध्या अडचणी त्यांनीच निस्तरल्या. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कोकणात बघण्यासारखं जे आहे तिथे ही गाडी जात नाही, आणि ती जात नाही म्हणूनच ते अजून बघण्यासारखं आहे. म्हणून गाडी हे चालतं घर समजा, पण ते घर कुठे थांबवायचं आणि कुठून पुढे पायी जायचं हे ठरवायला शिका. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आमच्या चुकांसकट सगळं लिहिते आहे.

१. गाडी निवडताना लांबी आधी, सोयी नंतर

जाहिरातीत शॉवर, टीव्ही, चार बर्थ दाखवतात. तुम्ही विचारायचं ते एवढंच: गाडी लांबीला किती, उंचीला किती, आणि मागच्या चाकाच्या मागे किती लोंबते? आमची पहिली गाडी जवळजवळ सात मीटर होती. केळशी, आंजर्ले, मुरूड अशा गावांत शिरताना दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि समोरून एसटी आली की संपलंच. साडेपाच मीटरच्या आसपासची टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी पुरे. शॉवर नसला तरी चालेल. आंघोळीचं पुढे सांगते.

उंची मोजून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा, आणि मोजताना छतावरचा एसी व सोलर पॅनेल धरा. देवळांच्या कमानी, लोंबत्या वायरी आणि रस्त्यावर वाकलेल्या आंब्याच्या फांद्या यांना पाटी लावलेली नसते. वेळणेश्वरकडे उतरताना एका फांदीने आमच्या छताची खिडकी उचकटली. पुढचे चार दिवस तिथे प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी होती.

२. कागद आणि सामान

कागदांचं लवकर आटोपू. गाडी स्वतः चालवायला भाड्याने घेताय तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कुणी 'ओळखीत' भाड्याने देत असेल तर नको म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. साध्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवली असेल, तर तो बदल आरसी बुकात नोंदवलेला आहे का ते पाहा. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणजे बहुतेक कॅम्परव्हॅन त्यात बसतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी गावातल्या माणसाला ही गाडी म्हणजे काय ते समजावून सांगावंच लागतं. आम्हाला दोन ठिकाणी रक्तदानाची गाडी समजले.

बरोबर ठेवायचे कागद: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, भाड्याचा करार, प्रत्येकाचं ओळखपत्र. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा.

सामान: दोन जाड फळ्या (याचं कारण आठव्या पायरीत), ओढायचा दोर, फावडं, चाकाखाली अडसर म्हणून लावायची उटी, पंचवीस मीटर वायरचा बोर्ड, पंधरा अँपिअरच्या प्लगला जोडायचा अडॅप्टर, पाण्याचा लवचीक पाइप, बॅटरी (विजेरी म्हणते मी, गाडीची नव्हे), सुट्टे पैसे आणि साधं कागदी पंचांग. पंचांग ही सासूबाईंची भर. तेवढ्यावर दोनदा आमचा जीव भांड्यात पडला.

३. वाट ठरवा: खाड्या मोजा, किलोमीटर नको

मुंबई-गोवा महामार्गाने जाऊन गावोगावी फाटे घेत उतरायचं, की किनाऱ्याने रेवस ते रेडी जायचं? पहिल्या रस्त्याचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्याबद्दल कोकणी माणसाला विचारू नका, तो अर्धा तास थांबणार नाही. शोधाची हौस असेल तर किनाराच घ्या. फक्त एक लक्षात ठेवा. हा रस्ता दर थोड्या अंतराने खाडीपाशी येऊन संपतो.

उत्तरेकडून निघालात तर गाडी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी अशा लागतात: आगरदांडा ते दिघी, मग हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीपलीकडे वेसवी (बाणकोटचा किल्ला त्याच काठाला), मग वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि शेवटी तवसाळ ते जयगड. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, तिने गेलात तर सुरुवातीचा सगळा ट्रॅफिक चुकतो. किनाऱ्याच्या या रस्त्याचं, म्हणजे सागरी महामार्गाचं स्वप्न माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनचं. खाड्यांवरचे पूल पूर्ण होईपर्यंत ही जेटीवरची वाट बघणं तुमच्या प्रवासाचा भाग आहे.

दाभोळची फेरी चुकवायची म्हटली तर चिपळूणला वळसा घालावा लागतो, म्हणजे दिवसाचा चांगला भाग गेला. म्हणून नियम असा: एका दिवसात एकच खाडी, आणि किनाऱ्याने साठ-सत्तर किलोमीटरपेक्षा जास्त नाही. नकाशावर दोन तास दाखवले की चार धरा.

जेटीवर गाडी रांगेत लावण्याआधी एक जण खाली उतरा आणि फेरीवरच्या माणसांना गाडी दाखवा. तेच सांगतात आधी चढायचं की शेवटी, सरळ की रिव्हर्समध्ये. बोट चालू असताना गॅसचं रेग्युलेटर बंद, हँडब्रेक घट्ट. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद राहतात. तेव्हा या बेताला जून ते सप्टेंबर सोडूनच द्या. गणपती आणि शिमग्याच्या आठवड्यातही ही गाडी काढू नका. त्या दिवसांत रस्ते चाकरमान्यांचे असतात.

४. भरतीचा हिशोब शिका

या पायरीला लोक हसतात. मीही हसले होते.

लांब गाडी फेरीवर चढते तेव्हा बोटीची फळी आणि जेटीचा उतार यांच्यात कोन होतो. भरतीला तो सपाट असतो. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो आणि मागे लोंबणारा गाडीचा भाग जमिनीला घासतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फरक कमी.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत सासूबाईंना तोंडपाठ: तिथीची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. साधारण सव्वाआठला भरती, सकाळी आणि रात्रीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे धरावा, जागेप्रमाणेही फरक पडतो. मोबाइलवर अचूक तक्ता मिळतो, पण मोबाइलला रेंज मिळाली तर.

आता आम्ही काय केलं ते ऐका. डिसेंबरची अमावास्या. संध्याकाळी सहाला तवसाळच्या जेटीवर पोचलो. दुपारी बाराच्या सुमाराला भरती, म्हणजे सहाला तळाची ओहोटी, आणि तीही उधाणाची. मी हिशोब केलाच नव्हता. पुढची चाकं फळीवर चढली आणि मागून खर्र असा आवाज आला. फेरीवरचा माणूस सासूबाईंना म्हणाला, "आजी, आता नाय जमायचं. पाणी वर येऊंद्या." पाणी वर येईपर्यंत शेवटची फेरी लहान गाड्या घेऊन गेली.

जेटीवरच्या माणसाला विचारून गाडी बाजूला लावली. पिठलं-भात केला. दहाच्या पुढे पाणी चांगलं चढलं तेव्हा शेजारच्या होडीवरच्या काकांनी हाक मारली, "बाहेर या, पाणी पेटलंय." काठावर लाट फुटली की निळी रेघ उठत होती. नवऱ्याने दगड टाकला तर दगडाभोवती निळं वर्तुळ. हे नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होतं. पाणी हललं की तो प्रकाशतो, आणि आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या महिन्यांत दिसतो. चांदणं असतं तर इतकं दिसलं नसतं. सासूबाईंनी वयाच्या बाहत्तराव्या वर्षी पाण्यात पाय घालून ते हलवून पाहिले, दोनदा.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता भरती. सकाळची घाई सोडून आम्ही मागे हेदवीला गेलो. दशभुज गणपतीचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं. त्याच गावाच्या किनाऱ्यावर खडकातली बामणघळ आहे. अरुंद फट आहे, तिच्यात उधाणाचं पाणी शिरलं की कारंज्यासारखं उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि माणसं "एवढंच?" म्हणून परततात. काठावर उभं राहू नका, खडक शेवाळलेला असतो. ते पाहून दुपारीच परत तवसाळला आलो आणि पाणी भरलेलं असताना गाडी लोण्यासारखी फेरीवर चढली.

५. रात्रीचा मुक्काम

परक्या गावात, रस्त्याच्या कडेला, न विचारता थांबू नका. भीतीचं कारण फारसं नाही, पण गावात सगळ्यांना सगळं कळत असतं आणि रात्री अकराला चार माणसं विजेऱ्या घेऊन विचारपूस करायला येतात. योग्यच आहे ते.

सगळ्यात सोपं म्हणजे 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी असलेलं घर गाठा आणि विचारा: अंगणात गाडी लावू का, जेवण तुमच्याकडे घेतो, वीज-पाण्याचे पैसे वेगळे देतो. आम्हाला नकार फक्त एकदा मिळाला, तोही अंगणात सुपारी वाळत घातली होती म्हणून. पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्लीला आहेत. तिथे आधी फोन करून गाडीची सोय विचारता येते. देवळाच्या आवारात लावायची तर गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारून, आणि त्या रात्री गाडीत मासे नाहीत.

संध्याकाळी साडेपाचच्या आत मुक्काम ठरलेला हवा. अंधारात पाणंदीत ही गाडी रिव्हर्स घेणं हा संसारात न बोललेले शब्द बोलण्याचा हमखास मार्ग आहे.

६. पाणी, वीज आणि नको त्या गोष्टी

गोड्या पाण्याची टाकी रोज भरा. मार्चनंतर कोकणातल्या बऱ्याच वाड्यांत पाण्याची ओढ असते. तेव्हा विहिरीवर पाइप लावण्याआधी विचारा, आणि दहा लिटरमध्ये भांडी घासायला शिका. भांड्यांचं पाणी कुणाच्या माडाच्या आळ्यात सोडायचं असेल तर साबण नसलेलंच.

संडासाची टाकी मुक्कामाच्या घरच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची, यजमानांना स्पष्ट सांगून आणि वेगळे पैसे देऊन. खाडीत, व्हाळात, खाजणात कधीही नाही. संकोच वाटतो, पण विचारून घ्या.

घरगुती बोर्डवर गाडीचा एसी लावलात तर शेजारच्या घरासकट फ्यूज जाईल. पंखा आणि फ्रिज एवढंच चालवा.

आंघोळीचं सांगते म्हटलं होतं. आरवलीला महामार्गालगत गरम पाण्याचे झरे आहेत. दापोली तालुक्यात उन्हवऱ्याला आहेत, राजापूरजवळ उन्हाळे नावाच्या गावात आहेत. दोन दिवस बादलीतल्या पाण्यावर काढल्यावर त्या गंधकाच्या वासाच्या पाण्यात जे सुख मिळतं, ते शॉवरवाल्या गाडीत नाही. बायकांसाठी आडोसा आहे का ते आधी पाहून घ्या, आणि साबण गाडीत ठेवून जा.

७. गाडी ठेवा आणि चालायला लागा

आता खरा भाग. रीत अशी: गावाबाहेर सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर, रुंद जागा पाहून गाडी लावा. मग पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून गावात जा, किंवा रिक्षा करा. रिक्षावाल्याला "काय बघण्यासारखं आहे?" असं विचारू नका, तो बीच आणि देऊळ सांगेल. "तुमच्याकडे पाहुणे आले की त्यांना कुठं नेता?" असं विचारा. एवढ्या एका बदलाने आम्हाला निम्म्या जागा मिळाल्या.

कोर्लई. रेवदंड्याच्या पुढे खाडीच्या तोंडाशी. किल्ला आणि दीपगृह पाहून माणसं काशीदकडे पळतात. आम्ही गाडी वर ठेवून गावातून चालत गेलो आणि दोन बायका भलत्याच भाषेत भांडत होत्या. सासूबाईंना वाटलं कोकणी. ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली कोर्लईची स्वतःची भाषा, नौ लिंग. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा किल्ला मराठ्यांना दिला, ते गेले, आणि भाषा गावातल्या ख्रिस्ती घरांत राहिली. आपल्या अलिबागपासून इतक्या जवळ.

दाभोळ. फेरीची वाट बघायचीच आहे, तर गाडी रांगेत नवऱ्याकडे सोपवा आणि चंडिकादेवीला जाऊन या. देऊळ कातळातल्या गुहेत आहे, आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जावं लागतं. बंदराजवळची जुनी शाही मशीदही चालत जाण्यासारखी. एकेकाळी हे केवढं मोठं बंदर होतं ते तिच्या घुमटाकडे पाहून कळतं.

कातळशिल्पं. इथे मी जरा रेंगाळणार. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली माणसं, मासे, हत्ती, भौमितिक चौकटी शेकड्यांनी आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून, गुराख्यांना विचारून त्यांची नोंद केली. २०२२ मध्ये उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, देवीहसोळ, रुंढे तळी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही ठिकाणं, गोव्यातल्या फणसायमाळासह, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. वय नेमकं ठरलेलं नाही. काही हजार वर्षांपूर्वीची, कदाचित दहा हजारांच्याही मागची, असं अभ्यासक मानतात.

कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून आधी काहीच कळत नाही. रेषा असतात, चर असतात. मग कुणीतरी सोंड दाखवतं आणि एकदम सगळा हत्ती उठून उभा राहतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी जा, तिरपं ऊन असलं तरच चर उठून दिसतात. दुपारी जाल तर कातळ तापलेला आणि चित्र गायब. कशेळीत कनकादित्याचं सूर्यमंदिरही आहे, दोन्ही एका दिवसात होतं.

देवाचे गोठण्याला होकायंत्र न्या. तिथल्या मनुष्याकृतीवर ठेवलं की सुई भलतीच दिशा दाखवते, कारण त्या जागच्या खडकात चुंबकीय विचलन आहे. आम्ही चार वेळा करून पाहिलं. आकृतीवर पाय देऊ नका, रेषा उठाव्यात म्हणून खडू किंवा पाणी ओतू नका. गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

विजयदुर्ग. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेघ दिसली, तिच्यावरून पुढे हेलियमचा शोध लागला. गावात त्याचं श्रेय या ओट्यांवर उभ्या असलेल्या लॉकियर साहेबाला, म्हणजे एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला देतात, दर १८ ऑगस्टला हेलियम दिवसही साजरा होतो. खरं तर लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, आणि जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला. किल्ल्यावर वाद घालू नका. ओट्यांवर बसा, तिथून वाघोटनची खाडी पाहा.

८. पुळणीवर गाडी नेऊ नका

पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. कडक दिसते, बाकीच्या गाड्यांचे माग असतात, मोह होतो. मिठबावला आमची मागची चाकं वितभर रुतली, तेही भरती चढत असताना. एक ट्रॅक्टरवाले दादा आले, थांबले, आणि म्हणाले, "हय गाडी कित्याक हाडलात? पुळणीर गाडी चलता खंय?" उत्तर नव्हतं. रुतलात तर अॅक्सिलरेटर देऊ नका, चाक आणखी खाली जातं. चाकांतली हवा कमी करा, समोरची वाळू काढा, फळ्या घाला, फळ्या कमी पडल्या तर माडाच्या झावळ्या. मग दोर. दादांनी पैसे घेतले नाहीत, पण आमच्याकडच्या पुरणपोळ्यांचा डबा घेतला.

९. परतल्यावर

गाडी परत देण्याआधी खालून धुऊन घ्या, गोड्या पाण्याने, दाबाने. खारी वाळू चेसिसला आठवड्यात गंज आणते आणि अनामत रकमेतून कापून घ्यायला मालकाला कारण मिळतं. घेतानाचे आणि देतानाचे चारही बाजूंचे, छताचे आणि खालच्या बाजूचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. आमच्या गाडीच्या मागच्या अॅक्सलला झावळीचा हातभर तुकडा अडकलेला निघाला. पुळणीवर गाडी नेली नव्हती असं मालकाला सांगायचा बेत असेल, तर तो आधी काढून टाका.